वाचनालयाच्या वेबसाइटचा मेनू: प्लगिन निवडीचं एक प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचं सार्वजनिक वाचनालय, शासनमान्य, तालुका 'अ' वर्ग, वय शंभरच्या पुढं. वेबसाइट वर्डप्रेसवर (साइट चालवायचं सॉफ्टवेअर), बरीच जुनी, थीम, म्हणजे साइटचं रूप ठरवणारा साचा, एका मार्केटप्लेसवरनं विकत घेतलेली आणि त्या थीमबरोबरच आलेलं एक मेगा मेनू प्लगिन, म्हणजे मेनूतल्या नावाखाली कॉलम-कॉलमचं मोठं पॅनेल उघडणारं जोड-सॉफ्टवेअर. होस्टिंगवाल्यांनी पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) ७.४ वरनं ८ च्या पुढं नेलं (७.४ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्येच संपलेला, म्हणजे हे कधीतरी होणारच होतं) आणि साइट बंद पडली. नुसता 'क्रिटिकल एरर' चा मेसेज, बाकी काही नाही. ऐन दिवाळी अंक योजनेच्या नोंदणीच्या दिवसांत.

वर्डप्रेसमध्ये ५.२ पासून, म्हणजे मे २०१९ पासून, अशा वेळी अ‍ॅडमिनच्या ईमेलवर रिकव्हरी मोडची, म्हणजे दुरुस्तीपुरतं आत शिरायची, लिंक येते आणि कोणत्या प्लगिननं घोळ केलाय तेही त्यात लिहिलेलं असतं. इथं ती मेल गेली ज्यानं साइट बनवून दिली त्या जुन्या डेव्हलपरच्या पत्त्यावर, कारण सेटिंगमध्ये तोच पत्ता राहिलेला. वाचनालयात कुणाला काहीच कळलं नाही. मग होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून प्लगिन्सच्या फोल्डरची नावं एकेक करून बदलत गेलो (नाव बदललं की ते प्लगिन बंद होतं), मेनूच्या प्लगिनचं बदललं आणि साइट उठली. कारण साधं होतं, त्या प्लगिनमध्ये 'क्रिएट फंक्शन' नावाचं जुनं पीएचपी फंक्शन वापरलेलं, जे ७.२ मध्ये मोडीत काढायचं ठरलं आणि ८.० मध्ये काढूनच टाकलं.

आता प्रश्न असा की प्लगिन इतकं जुनं राहिलंच कसं, तर थीमबरोबर जे पेड प्लगिन 'फुकट' येतं त्याचं लायसन्स थीम बनवणाऱ्याच्या नावावर असतं, तुमच्या नाही. अपडेट थेट मिळत नाही, थीमवाला जेव्हा नवी आवृत्ती थीममध्ये भरेल तेव्हाच मिळते, आणि थीमचं काम त्यानं थांबवलं की तुमचं प्लगिनही तिथंच थांबतं. हे विकत घेताना कुणी सांगत नाही आणि वर्डप्रेसच्या अपडेट्सच्या पानावरही दिसत नाही, तिथं सगळं हिरवंगार वाटतं.

साइट उठली पण मेनू गेला. वरच्या पट्टीतली नावं राहिली, त्यांच्याखाली जे चार-चार कॉलमचे पॅनेल होते ते सगळे गायब, कारण ते पॅनेल प्लगिननं स्वतःच्या पद्धतीनं साठवलेले, शॉर्टकोडमध्ये (फक्त त्या प्लगिनलाच कळणाऱ्या खुणा) आणि स्वतःच्या सेटिंगमध्ये. प्लगिन बंद म्हणजे ते वाचणारं कुणी नाही. या प्रकरणातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथंच आहे, त्यामुळं जरा थांबून सांगतो.

वर्डप्रेसचा स्वतःचा मेनू ३.० पासून आहे, २०१० पासून. त्यात मेनूतली प्रत्येक ओळ ही डेटाबेसमध्ये एक स्वतंत्र नोंद असते, पोस्ट आणि पानं जिथं असतात त्याच टेबलमध्ये, फक्त प्रकार वेगळा. ती नोंद थीम बदलली तरी राहते, एक्स्पोर्ट केलं तरी सोबत जाते, आणि एखाद्या 'पाना'ला जोडलेली असेल तर त्या पानाचा पत्ता बदलला तरी मेनू आपोआप बरोबर राहतो. म्हणून मेनूच्या प्लगिनकडं बघताना मी पहिला प्रश्न हा विचारतो की हे प्लगिन या नोंदींच्या वर बसतं, की त्यांना बाजूला सारून आपला वेगळा संसार थाटतं? वर बसणारं प्लगिन काढलं तर मेनू साधा दिसेल पण चालेल. वेगळा संसार थाटणारं काढलं तर आपल्या पदरात काही उरत नाही. डेमोमध्ये दोन्ही सारखीच छान दिसतात, म्हणून हे डेमो बघून कळत नाही, टेस्ट साइटवर टाकून, चार आयटम भरून, बंद करून बघावं लागतं.

कार्यकारिणीची मागणी सरळ होती: दुसरं चांगलं मेनू प्लगिन टाकून द्या, पहिल्यासारखं, जमलं तर फोटोवालं. त्यांच्या बाजूनं बघितलं तर रास्तच आहे, जी वस्तू मोडली ती बदलून मागितली. पण जुन्या मेनूत साठच्या वर आयटम होते, तीन पातळ्यांत. आमच्याविषयी, त्यात इतिहास, त्यात माजी अध्यक्ष, माजी कार्यवाह, देणगीदार, इमारत निधी देणगीदार वेगळे, मग विभाग, त्यात बालविभाग, महिला विभाग, संदर्भ विभाग, नियतकालिके, दुर्मिळ ग्रंथ, मग उपक्रम, त्यात वसंत व्याख्यानमालेचं प्रत्येक वर्ष वेगळं पान, वाचन प्रेरणा दिनाचं प्रत्येक वर्ष वेगळं पान, मराठी भाषा गौरव दिनाचं तसंच. दरवर्षी मेनू वाढत गेलेला कारण नवीन पान केलं की ते मेनूत टाकायचं असा रिवाजच पडलेला. एवढा पसारा दाखवायला मेगा मेनूच लागणार, दुसरं काही त्यात मावणारच नाही, आणि म्हणून मूळ डेव्हलपरनं ते प्लगिन घेतलं असणार हेही समजण्यासारखं आहे.

ग्रंथपाल मॅडमना विचारलं की लोक फोन करून काय विचारतात. त्यांनी क्षणभरही विचार न करता सांगितलं, "सर, तीनच गोष्टी. अमुक पुस्तक आहे का, वर्गणी आणि अनामत किती, आणि अभ्यासिकेत जागा आहे का. दिवाळीत चौथी, अंक योजना सुरू झाली का." या चारांपैकी 'पुस्तक शोधा' ही लिंक जुन्या मेनूत तिसऱ्या पातळीवर होती, 'विभाग' मध्ये 'देवघेव' मध्ये. वर्गणी होती 'नियमावली' च्या पीडीएफमध्ये, तीही स्कॅन केलेली. म्हणजे साठ आयटम होते आणि लोकांना हवं ते एकही वर नव्हतं.

## कॅटलॉग कार्डांवर मेनू

वाचनालयाची यादी संगणकावर गेल्यापासून जुनी कॅटलॉग कार्डं खोक्यात पडून होती, त्यांच्या कोऱ्या बाजूवर मेनूतला एकेक आयटम लिहिला आणि वाचन कक्षातल्या मोठ्या टेबलावर सगळी कार्डं मांडली. नियमित येणारे काही सभासद, अभ्यासिकेतली दोन-तीन मुलं, मॅडम आणि लिपिक यांना सांगितलं की जे एकत्र असावं वाटतं त्याचे गठ्ठे करा, गठ्ठ्याला नाव तुम्हीच द्या. साइट वापरायला सोपी कशी होईल ते बघणारे यूएक्सवाले याला कार्ड सॉर्टिंग म्हणतात, त्यासाठी ऑनलाइन टूल्सही आहेत, पण वाचनालयात हे करायला टेबलाइतकं चांगलं साधन नाही कारण लोक गठ्ठे करताना एकमेकांशी बोलतात आणि ते बोलणंच कामाचं असतं. अभ्यासिकेतल्या मुलीनं 'संदर्भ विभाग' चं कार्ड हातात धरून विचारलं की हे म्हणजे काय, मला कळलंच नाही. आणि एका आजोबांनी 'दुर्मिळ ग्रंथ' चं कार्ड उचलून 'पुस्तक शोधा' च्या गठ्ठ्यात टाकलं, म्हणाले, "दुर्मिळ असलं तरी पुस्तकच ना, मी तिथंच शोधणार."

यातून वरच्या पट्टीत सहा राहिले: पुस्तक शोधा, सभासदत्व व वर्गणी, अभ्यासिका, उपक्रम, वाचनालयाविषयी, संपर्क. खाली उपमेनू फक्त दोघांना, उपक्रम आणि वाचनालयाविषयी. व्याख्यानमालेची वर्षं मेनूतून काढून एकाच पानावर यादी म्हणून. देणगीदारांचा विषय नाजूक होता, ज्यांनी इमारतीला पैसे दिले त्यांची नावं मेनूतून काढायची म्हटल्यावर कार्यकारिणीत शांतता पसरली, आणि ती बरोबरच होती, गावात संस्था अशाच उभ्या राहतात. शेवटी देणगीदारांचं पान 'वाचनालयाविषयी' मध्ये पहिलं ठेवलं आणि साइटच्या तळपट्टीत त्याची लिंक दिली, म्हणजे ती प्रत्येक पानावर दिसते. मेनूपेक्षा तळपट्टीत ती जास्त लोकांच्या नजरेला पडते असं माझं मत आहे आणि ते कार्यकारिणीला पटलं.

एवढं झाल्यावर प्लगिनचा प्रश्न एकदम लहान झाला. साठ आयटमला मेगा मेनू लागतो, सहाला लागत नाही. तरी पर्याय नीट तपासले, कारण कार्यकारिणीला लेखी द्यायचं होतं आणि फोटोवाल्या मेनूचा आग्रह पूर्ण सुटलेला नव्हता.

## पर्याय कसे तपासले

टेस्ट साइट वेगळ्या सबडोमेनवर, लाइव्ह साइटची कॉपी. गट तीन. एक, मेगा मेनूची प्लगिन्स. यात मॅक्स मेगा मेनू हे वर्डप्रेसच्या स्वतःच्या मेनूवर बसणारं, मूळ आवृत्ती मोफत आणि जास्तीच्या गोष्टी पैसे देऊन, आणि युबरमेनू हे कोडकॅनियन या प्लगिनच्या ऑनलाइन बाजारात विकत मिळणारं, तिथं नेहमीच्या लायसन्सबरोबर सहा महिन्यांचा सपोर्ट येतो, पुढचा वेगळा घ्यावा लागतो. दोन, फक्त मोबाइलसाठी वेगळा मेनू देणारी प्लगिन्स, बाजूनं सरकत येणारा तो. तीन, थीमचाच मेनू, म्हणजे प्लगिन नाहीच. जनरेटप्रेस, अ‍ॅस्ट्रा, केडन्स असल्या थीममध्ये मोबाइलचा मेनू आधीपासून असतो हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही, वर अजून एक प्लगिन टाकतात आणि मग फोनवर दोन-दोन हॅम्बर्गर, म्हणजे मेनू उघडायची तीन रेघांची बटणं, दिसतात.

नवीन ब्लॉक थीमचाही, म्हणजे अख्खी साइट ठोकळे जुळवून मांडायच्या थीमचाही, विचार केला. वर्डप्रेस ५.९ पासून, जानेवारी २०२२, त्यात मेनूसाठी नेव्हिगेशन ब्लॉक असतो आणि तो काही वाईट नाही. पण त्याचा मोबाइल मेनू ६०० पिक्सेलच्या खालीच येतो, आणि आपली नावं लांब, 'सभासदत्व व वर्गणी' घ्या, त्यामुळं टॅबलेटवर सहा नावं एका ओळीत न मावता दोन ओळी व्हायच्या. शिवाय लिपिकाला जुनी मेनूज स्क्रीन सवयीची, ब्लॉक थीममध्ये ती स्क्रीन नसते, सगळं साइट एडिटरमध्ये. माणूस एकटा, वरनं पावत्या, देवघेव, नियतकालिकांची नोंद सगळं त्याच्याकडंच. म्हणून क्लासिक, म्हणजे जुन्या पद्धतीची, थीमच ठरवली.

वर्डप्रेसच्या प्लगिन भांडारात प्रत्येक प्लगिनच्या पानावर शेवटचं अपडेट कधीचं, कुठल्या आवृत्तीपर्यंत तपासलंय, चालू इन्स्टॉल किती, हे असतं. गेल्या तीन मोठ्या आवृत्त्यांवर तपासलेलं नसेल तर वर पिवळी पट्टी येते. लोक तारे बघतात, मी सपोर्टचा भाग उघडून अलीकडचे प्रश्न वाचतो, त्यांना उत्तर मिळालंय का आणि कसल्या भाषेत मिळालंय. पाच तारे जुने असू शकतात, उत्तरं ताजी असतात.

मग खरी परीक्षा, फोनवर. कार्यवाह सरांच्या फोनवरच केली कारण वाचनालयाच्या सभासदांत त्यांच्या वयाची मंडळी भरपूर आणि त्यांच्या फोनचं अक्षर सेटिंगमधून मोठं केलेलं. त्यांना एवढंच सांगितलं की व्याख्यानमालेचं पान काढा. पहिल्या मोबाइल मेनू प्लगिनमध्ये त्यांनी 'उपक्रम' वर बोट टेकवलं, मेनू बंद झाला आणि उपक्रमाचं पान उघडलं. मागे आले, परत टेकवलं, परत तेच. उपमेनू उघडायला नावाच्या उजवीकडचा छोटा बाण होता, तो त्यांच्या अंगठ्याखाली झाकला जात होता आणि तो वेगळा दाबायचा असतो हे कळायला काही मार्गच नव्हता. दुसऱ्यात उपमेनू उघडला, पण अक्षर मोठं असल्यामुळं यादी स्क्रीनच्या खाली गेली आणि त्या पॅनेलला स्क्रोल नव्हता, 'संपर्क' हा शेवटचा आयटम त्यांना दिसलाच नाही. तिसरा, थीमचा स्वतःचा मेनू, साधा खाली उघडणारा, पानाबरोबर सरकणारा, त्यात त्यांनी न विचारता पान काढलं. त्यात बाण मोठा करून घेतला, ४४ पिक्सेल, आणि ज्या दोघांना उपमेनू आहे त्यांच्या नावावर टेकवलं तरी उपमेनूच उघडेल असं ठेवलं.

टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी फोनमधली सोय, लावूनही बघितलं. वाचनालयात दृष्टिहीन वाचकांसाठी ध्वनिपुस्तकं आहेत आणि ते वाचक साइट वापरणार नाहीत असं गृहीत धरणं मला मान्य नाही. एका प्लगिनचं हॅम्बर्गर बटण हे बटणच नव्हतं, नुसता तीन रेघांचा डबा, त्यावर टॉकबॅक काहीच बोलत नव्हता. मेनू उघडला की मिटलेला हेही सांगत नव्हता. कॉम्प्युटरवर माउस बाजूला ठेवून फक्त टॅब, एंटर आणि एस्केप वापरून बघायचं, ही तपासणी कुणालाही जमते आणि तिच्यात निम्मी प्लगिन्स तिथंच थांबतात. वेग बघायला ब्राउझरमध्ये नेटवर्क मुद्दाम हळू केलं. मोबाइल मेनूचं एक प्लगिन तीन रेघांच्या आयकॉनसाठी आख्खा आयकॉन फॉन्ट प्रत्येक पानावर उतरवत होतं.

कॅशिंगचं, म्हणजे साइट लवकर उघडावी म्हणून केलेल्या सोयींचं, एक सांगायलाच हवं कारण यात भलताच दोषी ठरतो. वेग वाढवणाऱ्या प्लगिन्समध्ये जावास्क्रिप्ट (मेनू उघडझाप करणारा कोड यातच असतो) उशिरा लोड करायची सोय असते, वापरणाऱ्यानं स्क्रीनला हात लावेपर्यंत थांबायचं. मग हॅम्बर्गरवरचा पहिला टॅप स्क्रिप्ट जागी करण्यातच जातो आणि मेनू दुसऱ्या टॅपला उघडतो. लोक मेनू प्लगिनला नावं ठेवतात. मेनूची स्क्रिप्ट उशिरा लोड होण्यातून वगळली की झालं. न वापरलेलं सीएसएस (रंग, आकार, मांडणी ठरवणारा कोड) काढायची सोय असते तिचंही तेच, मिटलेल्या मेनूचं सीएसएस तिला 'न वापरलेलं' वाटतं.

## देवनागरी

परदेशी डेमोंमध्ये मेनूची नावं सगळी कॅपिटल अक्षरांत आणि अक्षरांमध्ये थोडं अंतर सोडलेलं असतं, दिसायला झकास. तेच लेटर-स्पेसिंग देवनागरीला लागलं की शिरोरेषा तुटते, 'वाचनालय' हा शब्द सुटे-सुटे तुकडे ठेवल्यासारखा दिसतो. एका पिक्सेलनंही दिसतं. तपासलेल्या बहुतेक पर्यायांत ते अंतर आधीच दिलेलं होतं, काहींत सेटिंगमधून शून्य करता येत होतं, एकात सीएसएस लिहूनच काढावं लागलं. ओळीची उंचीही तशीच, इंग्रजीच्या हिशोबानं घट्ट धरलेली, त्यात 'वर्गणी' चा रफार आणि वेलांटी वरनं कापली जात होती. ओळीची उंची १.६ केली आणि मुक्ता फॉन्ट लावला, तेव्हा मेनू वाचनालयाला शोभेल असा दिसायला लागला. मराठी साइटसाठी प्लगिन निवडताना डेमोत 'वर्गणी', 'दुर्मिळ', 'नियतकालिके' हे शब्द टाकून बघा, वर आणि खाली दोन्हीकडं काय होतं ते लगेच दिसतं.

पानांचे पत्ते हाही यातलाच भाग. वर्डप्रेस पत्त्याला २०० ची मर्यादा लावतं आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रा-हलन्त धरून, पत्त्यात नऊ जागा खातं. म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं मावतात. 'स्पर्धा परीक्षा अभ्यासिका' या पानाचा पत्ता म्हणून 'अभ्यासिक' वरच संपत होता, शेवटचा काना मावलाच नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ, लोकांना ती लिंक भलतीच काहीतरी वाटायची आणि उघडायचेच नाहीत. त्यामुळं मेनूत नाव मराठी, पत्ता मात्र रोमन लिपीत छोटा असं सगळीकडं केलं. जुने पत्ते पोस्टच्या बाबतीत वर्डप्रेस स्वतः वळवतं, पानांच्या बाबतीत त्यावर विसंबू नये, रीडायरेक्ट हातानं टाकले. जुन्या मेनूतले निम्मे आयटम 'कस्टम लिंक' म्हणून, म्हणजे हातानं पत्ता लिहून, टाकलेले होते, ते सगळे काढून खऱ्या पानांना जोडले.

## निर्णय

थीमचाच मेनू, कॉम्प्युटरवर आणि फोनवर दोन्हीकडं. एकच प्लगिन घेतलं, नॅव्ह मेनू रोल्स, ते मोफत आहे आणि लहान आहे, कारण कार्यकारिणी सदस्यांना लॉगिन केल्यावर सभेच्या इतिवृत्तांची लिंक दिसायला हवी होती आणि बाकीच्यांना नको. इथं ध्यानात ठेवायचं की ते फक्त मेनूतली लिंक लपवतं, पान लपवत नाही, त्यामुळं इतिवृत्तांचं पान वेगळं बंद केलं. हे प्लगिन उद्या बंद पडलं तर एक लिंक सगळ्यांना दिसेल, मेनू जागेवर राहील.

अशी छोटी प्लगिन्स पूर्वी एकमेकांशी भांडायची, दोघंही मेनूची एडिट स्क्रीन बदलायला जायची आणि एकाच्या सेटिंग गायब व्हायच्या. मार्च २०२० च्या ५.४ मध्ये वर्डप्रेसनं त्यासाठी अधिकृत हुक (प्लगिननं आपला कोड अडकवायची ठरलेली जागा) दिला तेव्हापासून तो त्रास बराच कमी झालाय, पण जुनं प्लगिन घेताना तो हुक वापरलाय का बघावं.

'दिवाळी अंक योजना' हा आयटम वर्षातनं काही महिनेच हवा असतो. त्यासाठी तारखेनुसार दाखवणारी प्लगिन्स मिळतात. घेतलं नाही. लिपिक तो आयटम योजना सुरू झाली की टाकतो आणि संपली की काढतो, दोन मिनिटांचं काम आहे. त्याला लाल रंगात दाखवायलाही प्लगिन लागत नाही, मेनूज स्क्रीनवर वरच्या स्क्रीन ऑप्शन्समध्ये सीएसएस क्लासचा डबा लपलेला असतो, तो चालू करून क्लासचं नाव लिहिलं की पुरतं.

फोटोवाल्या मेनूचं उत्तर असं दिलं: फोटो मुखपृष्ठावर टाकले, मोठे, बालविभाग, अभ्यासिका, व्याख्यानमाला. कार्यकारिणीला ते मेनूपेक्षा जास्त आवडलं.

मेगा मेनू कुणी घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. पुस्तक विक्रीची साइट असेल, वूकॉमर्सवर (वर्डप्रेसचं ऑनलाइन दुकानाचं प्लगिन), कथा, कादंबरी, चरित्र, बालसाहित्य, त्यात परत वयोगट, प्रकाशक, तर गिऱ्हाईकाला एका नजरेत सगळे विभाग दिसायलाच हवेत, तिथं मी मॅक्स मेगा मेनूसारखं मूळ मेनूवर बसणारं प्लगिनच सुचवेन, आणि लायसन्स दुकानाच्या नावावर घ्यायला लावेन. वाचनालयाची गरज ती नव्हती.

आता मॅडम सांगतात की वर्गणी विचारणारे फोन कमी झालेत, 'पुस्तक आहे का' विचारणारे मात्र अजून येतात, कारण 'पुस्तक शोधा' वर टेकवल्यावर जी सूची उघडते ती वेगळ्या सॉफ्टवेअरची आहे आणि तिच्यात मराठीत नाव टाइप करून शोधताना ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की पुस्तक सापडत नाही. तो मेनूचा प्रश्न नाही, सूचीचा आहे, पुढचं काम तेच घेतलंय. दरम्यान वर्डप्रेसच्या सेटिंगमधला अ‍ॅडमिन ईमेल वाचनालयाच्या स्वतःच्या पत्त्यावर बदललाय, आणि त्या मेलबॉक्सचा पासवर्ड लिपिकाकडं आणि कार्यवाह सरांकडं, दोघांकडं आहे.